सहाचे बारा व्होल्ट करताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : १९५० च्या आसपासचा पेट्रोल ट्रक आहे. ६ व्होल्टची बॅटरी, पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेलं) आणि बॅटरी चार्ज करायला डायनॅमो. १२ व्होल्ट करून डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर बसवायचा आहे. काय काय बदलावं लागेल? सगळं वायरिंग उपटावं का?

उत्तर : वायरिंगपासून सुरुवात करू. तेवढ्याच वॅटला १२ व्होल्टवर प्रवाह निम्मा लागतो, त्यामुळे जुन्या तारांची जाडी पुरून उरते. प्रश्न आवरणाचा आहे. तार वाकवल्यावर सुती वेष्टन भुगा होऊन पडत असेल, तर ती बदलाच. बॅटरीच्या जाड केबल मात्र तशाच जाड ठेवा. अल्टरनेटर ६० ॲम्पिअरचा असेल, तर त्याच्यापासून बॅटरीपर्यंत १० चौरस मिलिमीटरची नवी तार ओढा आणि बॅटरीजवळ ८० ॲम्पिअरचा फ्यूज घाला.

जुना कटआउट (डायनॅमो थांबला की त्याला बॅटरीपासून तोडणारा रिले) काढून टाका. बल्ब सगळे बदला. डॅशबोर्डचे चिमुकले बल्ब हमखास विसरले जातात आणि दिवे लावताच उडतात. इग्निशन कॉइल (प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) सुमारे ३ ओहमची घेतली तर बाहेरून बॅलास्ट, म्हणजे प्रवाह आवरणारा रेझिस्टन्स, लागत नाही. दीड ओहमची असेल तर तेवढाच बॅलास्ट सिरीजमध्ये जोडा, नाहीतर पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले उघडझाप करणारे संपर्क) जळतात. अल्टरनेटरसाठी निगेटिव्ह अर्थ केल्यावर कॉइलचं निगेटिव्ह टोक डिस्ट्रिब्युटरकडे जायला हवं. उलटं जोडलं तरी इंजिन चालतं, म्हणूनच ही चूक महिनोन्‌महिने सापडत नाही. ठिणगी कमजोर राहते आणि चढावर इंजिन अडखळतं.

सेल्फ (स्टार्टर मोटर) ६ व्होल्टचाच राहू द्या. अर्थ बदलल्यावर त्याच्या फील्ड आणि आर्मेचर (स्थिर आणि फिरत्या गुंडाळ्या) दोन्हींतला प्रवाह एकदमच उलटतो, त्यामुळे तो उलटा फिरत नाही. फिरतो मात्र दणक्यात, तेव्हा एका वेळी १० सेकंदांच्या वर दाबू नका. सोलेनॉइड (सेल्फला प्रवाह जोडणारा स्विच) १२ व्होल्टचा लावा. पेट्रोलच्या गेजला व्होल्टेज रिड्यूसर लागेल. ॲम्पिअर मीटरच्या दोन तारांची अदलाबदल करा, नाहीतर चार्जिंग चालू असताना काटा डिस्चार्ज दाखवेल. मीटर ३० ॲम्पिअरचा असेल तर ६० चा अल्टरनेटर त्यातून नेऊ नका. त्यापेक्षा व्होल्टमीटर बरा.

आणि बॅटरी जोडताना दोनदा पाहा. उलटी जोडली की अल्टरनेटरचे डायोड क्षणात जातात.

प्रश्न : अल्टरनेटर बसवल्यापासून चावी बंद केली तरी इंजिन बंद पडत नाही.

उत्तर : अल्टरनेटर फिरत असतो आणि एक्सायटरच्या तारेतून (चावीकडून अल्टरनेटरला सुरुवातीचा प्रवाह देणाऱ्या) उलटा प्रवाह कॉइलला पोचवत राहतो. त्या तारेत चार्जिंगचा दिवा किंवा ३ ॲम्पिअरचा डायोड घाला. डायोडची पट्टी अल्टरनेटरच्या बाजूला.

प्रश्न : ट्रकमधला मूळ व्हॉल्व्हचा रेडिओ वाचवता येईल का? रेझिस्टन्स लावून १२ चे ६ व्होल्ट करावेत, असं एकाने सुचवलं.

उत्तर : रेझिस्टन्स नको. त्यावर पडणारे व्होल्ट प्रवाहानुसार बदलतात, आणि रेडिओचा प्रवाह व्हॉल्व्ह गार असताना वेगळा, तापल्यावर वेगळा असतो. शिवाय उरलेली सगळी शक्ती उष्णता होऊन डॅशबोर्डखाली साचते. १२ चे ६ करणारा, किमान १० ॲम्पिअरचा डीसी कन्व्हर्टर लावा.

त्याआधी रेडिओ उघडा. बफर कंडेन्सर न तपासता बदला. तो शॉर्ट झाला की ट्रान्सफॉर्मर आणि व्हायब्रेटर (बॅटरीचा प्रवाह सतत तोडून-जोडून ट्रान्सफॉर्मरला देणारा भाग) दोन्ही घेऊन जातो. नवा कंडेन्सर जुन्याच क्षमतेचा आणि १६०० व्होल्टचा घ्या. घरच्या रेडिओतला ४०० व्होल्टचा इथे टिकत नाही. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरही बदला. व्हायब्रेटरसोबत रेक्टिफायर व्हॉल्व्ह असेल तर अर्थची बाजू बदलल्याने फरक पडत नाही. सिंक्रोनस व्हायब्रेटर (रेक्टिफायरचं कामही स्वतःच करणारा) असेल तर पडतो : हाय टेन्शन, म्हणजे व्हॉल्व्हना लागणारं जास्त व्होल्टेज, उलटं येतं, आणि नवे इलेक्ट्रोलिटिकही जातात. तेव्हा जात ओळखल्याशिवाय स्विच लावू नका.

खरखर आली तर एरियलची पिन काढून ऐका. आवाज थांबला तर तो एरियलवाटे येतोय : एरियलच्या बुडाशी रंग खरवडून अर्थ पक्का करा, बॉनेटला अर्थची पट्टी द्या, रेझिस्टर प्लग लावा. आवाज तसाच राहिला तर तो पुरवठ्याच्या तारेतून येतोय. टकटक असेल तर कॉइलच्या चावीकडच्या टोकाला ०.५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावा. पॉइंटकडच्या टोकाला नको, ठिणगीच मरेल. वेगाबरोबर चढणारी शिट्टी असेल तर तसाच कंडेन्सर अल्टरनेटरच्या आउटपुटला.