'लेडी बी गुड' बॉम्बरचा क्रू वाळवंटात कसा मेला?

विमान पडून नाही, बहुतेक तहानेनेच गेले बिचारे. ४ एप्रिल १९४३ ला हे अमेरिकन बी-२४ लिबियातल्या सोलुकहून नेपल्सवर बॉम्बिंगला गेलं, क्रूची पहिलीच मोहीम, परत येताना रात्री तळ मागे राहिला आणि ते थेट सहारात ७०० किलोमीटर आत गेले, इंधन संपल्यावर नऊही जणांनी उड्या मारल्या. एकाचं पॅराशूट नीट उघडलं नाही, उरलेले आठ अर्धी बाटली पाण्यावर आठवडाभर चालत होते!! हे को-पायलटच्या डायरीमुळे कळतं. विमान १९५८ मध्ये तेल शोधणाऱ्यांना दिसलं, मृतदेह १९६० मध्ये मिळाले. फक्त एकाचा कधीच सापडला नाही, त्यामुळे त्याच्याबाबतीत तहान हा अंदाजच. आणि तळ नेमका का चुकला, रेडिओवरून मिळालेली दिशा उलटी समजली गेली म्हणतात, तोही तर्कच आहे.