एम्बेड केलेली नोट तिथल्या तिथे बदलता येते का?

प्रश्न: आमच्या देवळात जत्रेला दरवर्षी नाटक असतं, यंदा सामान सांभाळायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. ऑब्सिडियन या नोट्स लिहायच्या ॲपमध्ये 'सामान' अशी एक नोट केली आणि तिन्ही अंकांच्या नोटमध्ये ती एम्बेड केली, म्हणजे तिथेच दिसेल अशी जोडली. दिसतं मस्त, पण तालमीत कोणी म्हणालं तलवारी दोन हव्यात, की त्या एम्बेडमध्ये काही टाइप करता येत नाही. काय करू?
(एक वाचक, माशेल)

उत्तर: तुमचं काही चुकत नाहीये. अंकाची फाईल साध्या नोटपॅडमध्ये उघडून बघा, यादी तिथे नाहीच, आहे ती फक्त एक ओळ, उद्गारचिन्ह आणि चौकोनी कंसात 'सामान'. बाकी सगळं ॲप मूळ फाईलमधून आणून दाखवतं, त्यामुळे बदल करायचा तर मूळ नोटच उघडायला लागते. एम्बेडच्या उजव्या कोपऱ्यात लिंकचं चिन्ह असतं ना, ते दाबा, तलवार वाढवा, मागे या, तिन्ही अंकांत दोन झालेल्या दिसतील. तालमीत फोनवर हाच रस्ता बरा.

घरी कॉम्प्युटरवर असाल तर हॉव्हर एडिटर नावाचं प्लगिन (ॲपला वरून जोडायची सोय) आहे, त्यात लिंकवर माऊस नेला की नोट छोट्या खिडकीत उघडते आणि तिथेच लिहिता येतं. ऑब्सिडियनमधलाच कॅनव्हास, म्हणजे नोटा कार्डांसारख्या मांडायचा फळा, मात्र मला जास्त आवडतो, तो २०२२ च्या डिसेंबरात आला, प्लगिन वगैरे काही नको. तिन्ही अंक आणि सामान अशी कार्डं शेजारी शेजारी मांडायची आणि कार्डावर डबल क्लिक करून थेट लिहायचं. लॉगसीक नावाच्या दुसऱ्या नोट्स ॲपमध्ये तर एम्बेड केलेला ब्लॉक (नोटमधला तुकडा) जागच्या जागी बदलतो, पण फक्त एवढ्यासाठी जत्रा तोंडावर असताना ॲप बदलू नका हो!

आणि एक, जागच्या जागी बदल म्हणजे मूळ नोटमध्येच बदल. दुसऱ्या अंकात समई नको म्हणून तुम्ही ती ओळ पुसलीत तर पहिल्या अंकातलीही गेली, आणि ते कळणार कधी, तर पडदा वर जायच्या पाच मिनिटं आधी. म्हणून सामानच्या नोटमध्ये प्रत्येक अंकाला वेगळं हेडिंग द्या आणि एम्बेड करताना नोटच्या नावानंतर हॅश (#) लावून तेवढंच हेडिंग आणा. तरीही चुकून काही पुसलं गेलंच तर सेटिंगमध्ये फाईल रिकव्हरी बघा, तिचं सेटिंग तुम्ही बदललं नसेल तर ती साधारण दर ५ मिनिटांनी प्रत ठेवते आणि ७ दिवस जपते.