कमी खर्चात हौशी भयपट करायचा असल्यास कोणता कॅमेरा भाड्याने घ्यावा?

आपल्याकडे 50 हजार रुपये आणि गावाकडचे एक बंद घर आहे, 20 मिनिटांचा भयपट करायचा आहे, असे आपण लिहिले आहे. मात्र विचारणा सगळी कॅमेऱ्याची आणि रक्ताची, ध्वनीविषयी एक अक्षरही नाही. हौशी भयपट बहुधा इथेच फसतात. कॅमेरा भाड्याने घेऊच नका. घरातला बरा फोन पुरतो; वाचलेला पैसा ध्वनिमुद्रक, चांगला माइक आणि तो धरणारा जाणता माणूस यांवर घाला.

आम्ही असा लघुपट रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका जुन्या घरात केला, तेव्हा ध्वनीची बाजू माझ्याकडे होती. वारलेल्या आजीचा अडकित्ता रात्री माजघरातून ऐकू येतो, एवढीच गोष्ट. आमच्या छायालेखक मित्राला मोठा कॅमेरा आणि महागड्या लेन्स हव्या होत्या, त्यामुळे निम्म्याहून अधिक पैसा तिकडे गेला आणि माझ्या वाट्याला उसना ध्वनिमुद्रक व बांबूला बांधलेला माइक आला. आजी दिसलीच पाहिजे, पांढरे पातळ, मोकळे केस आणि खालून निळा प्रकाश हवा, असा त्याचा हट्ट होता. (कोकणातली कोणतीही आजी केस मोकळे सोडून माजघरात बसत नाही, हे त्याला शेवटपर्यंत पटले नाही.)

पहिल्याच रात्री वीज गेली. मांडववाल्याकडून आणलेला जनरेटर परसात सुरू झाला आणि प्रत्येक संवादामागे त्याची धडधड येऊ लागली. तो मी चिऱ्याच्या गडग्याआड हलवायला लावला, तरी आवाज पुरता जाईना; म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच खोलीत चारी बाजूंनी गोधड्या टांगून सगळे संवाद पुन्हा मुद्रित केले. शिवाय रोज रात्री सर्वांना मिनिटभर गप्प बसवून मी रिकाम्या खोलीचा आवाज घेत असे. मित्र त्यावर मनसोक्त हसायचा. पण तो आवाज खाली अंथरला नसता, तर प्रत्येक जोडाला रातकिडे एकदम गप्प होऊन पुन्हा ओरडू लागले असते.

अडकित्त्याचा आवाज दृश्यासोबत घेतला तेव्हा अगदी मुळमुळीत आला. मग माइक वीतभर अंतरावर ठेवून तीन आवाज वेगळे घेतले: पाते सुपारीत रुतताना होणारी करकर, सुपारी फुटल्याचा कट्, आणि पितळी तबकात खांड पडल्याचा आवाज. संकलनात पडदा पूर्ण काळा ठेवून फक्त करकर ऐकवली, ती लांबवली, आणि कट् येऊच दिला नाही. गावातल्या शाळेत चित्रपट दाखवला तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका काकूंनी त्या क्षणी मोबाइलचा टॉर्च लावला. त्यानंतर निळ्या प्रकाशातली आजी आली आणि पोरे खो-खो हसली. माझ्या त्या लांबवलेल्या करकरीमुळेच त्याच्या दृश्याचा विचका झाला, असे मित्र आजही म्हणतो.

तो नेहमी हिंदी भयपट काढणाऱ्या रामसे बंधूंचा दाखला देतो. त्यांच्या ‘पुराना मंदिर’मधला (1984) सामरी हा राक्षस लोकांच्या लक्षात राहिला हे खरेच, पण तिथे अनिरुद्ध अग्रवाल यांची उंची आणि चेहरा होता, आपल्याकडे पावडर फासलेला आतेभाऊ असतो. त्यापेक्षा ओरेन पेली यांचा ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ पाहावा. सॅन डिएगोतल्या स्वतःच्या घरात, सुमारे 15 हजार डॉलरमध्ये त्यांनी तो केला, आणि अंगावर काटा येतो तो बहुतेक वेळा पावलांच्या आवाजाने आणि आपोआप हललेल्या दाराने.

फोनवर चित्रीकरण करताना सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर (प्रत्येक फ्रेम किती वेळ उजेड घेते ते) 1/50 सेकंद ठेवावे. आपली वीज 50 हर्ट्झची आहे. 30 फ्रेम आणि 1/60 वर ट्यूबलाइट व स्वस्त एलईडी चित्रात लुकलुकतात. फोकस आणि एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) कुलूपबंद करावे, नाहीतर फोन स्वतःच्या अकलेने अंधार उजळवतो. रक्ताचे म्हणाल, तर 1968 च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मध्ये चॉकलेट सिरप चालून गेले, कारण चित्रपट कृष्णधवल होता. रंगीत चित्रपटासाठी लिक्विड ग्लुकोज, खाण्याचा लाल रंग आणि चिमूटभर कोको एवढे पुरे. मुंग्या मात्र लागतात.

एवढे म्हटल्यावर हेही सांगायला हवे की आपल्या गोष्टीत रात्रीचे रान किंवा उघडे अंगण बरेच असेल, तर फोनच्या चित्रात दाणे येतात. ती दृश्ये दिवेलागणीला उरकावीत, किंवा तेवढ्या एका दिवसापुरता कॅमेरा भाड्याने आणावा. आणि शेजारीपाजारी व पोलीस पाटील यांना आधी कल्पना द्यावी. किंकाळ्या तर दुपारी, दारे लावून, वेगळ्याच मुद्रित कराव्यात.