घरचा जुना फाइल सर्व्हर वेब पॅनेलवर नेताना: वाचकांचे प्रश्न

पावसाळ्याच्या तोंडावर बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातून आलेल्या प्रश्नांत एकच विषय पुन्हा पुन्हा दिसला: घरातला किंवा दुकानातला जुना लिनक्स सर्व्हर ब्राउझरमधून सांभाळता येईल अशा सिस्टीमवर कसा न्यायचा? त्यातले निवडक प्रश्न घेतो.

वडगाव, बेळगाव (साडी विणकाम): साड्यांच्या डिझाइनच्या सगळ्या फायली एका उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) मशीनवर आहेत. 4 टीबीच्या दोन डिस्क, रेड 1 मध्ये, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा. हे बसवून देणारा भाचा आता पुण्याला असतो. नवीन सिस्टीम घालायची तर डिस्क फॉरमॅट माराव्या लागतील काय?

नाही, आणि कुणी ‘मारा’ म्हणालं तरी मारू नका. तुमच्या कामाला ओपनमीडियाव्हॉल्ट ही ब्राउझरमधून सांभाळता येणारी सर्व्हर सिस्टीम पुरेल. ते डेबियन या लिनक्सवर उभं आहे, फुकट आहे आणि उबुंटूत बनवलेला सॉफ्टवेअर रेड, त्यावरची ईएक्सटी4 फाइल सिस्टीम (डिस्कवर फायली मांडायची लिनक्सची पद्धत) आहे तशी स्वीकारतं. त्याला स्वतःसाठी वेगळी डिस्क मात्र लागते. छोटी एसएसडी चालेल.

आधी सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या. रेड 1 म्हणजे बॅकअप नव्हे, कारण चुकून पुसलेलं डिझाइन दोन्ही डिस्कवरून एकाच वेळी जातं. बॅकअपमधली पाच-दहा डिझाइनं दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उघडून बघा. मग सांबाची (विंडोजच्या संगणकांना फायली पुरवणाऱ्या सेवेची) कॉन्फिग फाइल, एफएसटॅब (कुठली डिस्क कुठं जोडायची याची यादी), क्रॉनमधली ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं आणि वापरकर्त्यांची नावं सिस्टीमनं त्यांना दिलेल्या आकड्यांसह उतरवून ठेवा.

आता मशीन बंद करून दोन्ही 4 टीबी डिस्कच्या केबल काढा आणि नुसत्या एसएसडीवर इन्स्टॉल करा. घाईत भलतीच डिस्क निवडली जाण्याचा धोका इथंच सर्वांत मोठा, आणि केबलच नसेल तर चुकायला जागा उरत नाही. उबुंटू ज्या डिस्कवर आहे तीही काढून बाजूला जपून ठेवा. काही बिनसलं तर ती परत लावून काम चालू करता येईल.

डिस्क जोडल्यावर ब्राउझरमधून आत जा. सुरुवातीचं नाव ‘अ‍ॅडमिन’ (admin), पासवर्ड ‘ओपनमीडियाव्हॉल्ट’ (openmediavault). तो तिथल्या तिथं बदला. सध्याच्या आवृत्त्यांत रेडसाठी ‘एमडी’ नावाचा प्लगइन (वरून बसवायचा छोटा प्रोग्रॅम) आधी बसवावा लागतो. पुढं फाइल सिस्टीमच्या पानावर हात सावकाश चालवा. अधिकच्या चिन्हाचं बटण नवी फाइल सिस्टीम तयार करतं, म्हणजे डिस्क पुसतं. त्रिकोणाचं, प्लेसारखं दिसणारं बटण असलेली फाइल सिस्टीम जोडतं. तुम्हाला त्रिकोणच हवा. त्यानंतर जुन्याच फोल्डरचा पत्ता देऊन शेअर्ड फोल्डर बनवा. प्रत्येक बदलानंतर वर पिवळी पट्टी येते. तिच्यावरची बरोबरची खूण दाबेपर्यंत बदल लागू होत नाही.

भाच्यालाही एक सांगून ठेवा: पुण्याहून लॉगिन करून सांबाची फाइल हातानं बदलायची नाही. पॅनेल ती पुन्हा स्वतःच्या नोंदींप्रमाणे लिहून टाकतं.

निपाणी (फोटो स्टुडिओ): लग्नांचे व्हिडिओ तीन एनटीएफएस (विंडोजच्या पद्धतीच्या) डिस्कवर आहेत. ट्रूनास घेऊ काय?

ट्रूनास ही तशीच ब्राउझरमधून चालणारी सर्व्हर सिस्टीम उत्तम आहे. त्याची झेडएफएस ही फाइल सिस्टीम प्रत्येक ब्लॉकचा चेकसम (पडताळणीचा आकडा) ठेवते, त्यामुळं गुपचूप बिघडलेली फाइल लक्षात येते. पण ते तुमच्या भरलेल्या डिस्क आहेत तशा वापरणार नाही. वेगळ्या रिकाम्या डिस्क आणि किमान 8 जीबी रॅम लागेल. नव्या डिस्क घेणारच असाल तर डोळे झाकून ट्रूनास घ्या. नसाल तर ओपनमीडियाव्हॉल्ट, पण तिथंही एनटीएफएस कायमची ठेवू नका. एकेक डिस्क रिकामी करत ईएक्सटी4 वर या.

येळ्ळूर: सगळं जोडलं. फायली उघडतात, पण सेव्ह करताना ‘परवानगी नाही’ येतं. पॅनेलमध्ये तर मला रीड-राइट दिलेलं आहे.

पॅनेलमधली ती परवानगी सांबासारख्या सेवांपुरती असते. तिच्या खाली डिस्कवरची स्वतःची परवानगी असते, आणि लिनक्स तिथं मालकाचं नाव लिहीत नाही, आकडा लिहितं. उबुंटूत पहिला वापरकर्ता 1000, दुसरा 1001. नव्या सिस्टीमवर तुम्ही आधी भावाचं खातं काढलं असेल तर तुमचा 1000 त्याच्याकडं गेला. ताबा तुमचा आणि उताऱ्यावर नाव भावाचं, असा हा प्रकार. शिवाय उबुंटू प्रत्येकाला स्वतःचा गट देतं, तर इथं सगळे ‘यूजर्स’ या 100 आकड्याच्या गटात जातात.

टर्मिनलवर ‘एलएस’ला ‘एन’ आणि ‘एल’ जोडून (ls -nl) आकडे बघा. मग ओएमव्ही-एक्स्ट्राज या ओपनमीडियाव्हॉल्टच्या जादा प्लगइनांच्या संचातला, परवानग्या नव्यानं लावून देणारा रीसेटपर्म्स प्लगइन एका वेळी एकाच शेअर्ड फोल्डरवर चालवा. सगळ्यांना सगळी मुभा देऊन मोकळं होऊ नका. एसीएलच्या (वेगवेगळ्या वापरकर्त्यांना जादा परवानग्या देण्याच्या) पानालाही हात लावू नका. तिथल्या अर्धवट बदलांमुळं गुंता वाढतो.

चिकोडी (शिक्षिका, मराठी शाळा): विंडोजच्या डिस्कवरून सर्व्हरवर कॉपी करताना काही मराठी नावांच्या फायली मागं राहतात. तेवढीच लांब इंग्रजी नावं जातात. असं का?

तुम्ही नेमकं हेरलंत, आणि हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. एनटीएफएसमध्ये नावाची मर्यादा 255 चिन्हांची आहे, तर ईएक्सटी4 मध्ये 255 बाइटची. इंग्रजी अक्षराला 1 बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला 3, आणि त्यात मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. ‘स्नेहसंमेलन’ हा शब्द डोळ्यांना सहा अक्षरांचा दिसतो. डिस्कच्या हिशेबी ती 11 चिन्हं, म्हणजे 33 बाइट. 85 चिन्हांच्या पुढं नाव गेलं की फाइल नाकारली जाते. कन्नड नावांनाही हाच हिशेब लागतो, म्हणून दोन्ही माध्यमांच्या फायली तपासा.

मर्यादा प्रत्येक नावाला स्वतंत्र आहे. तेव्हा शाळेचं नाव, वर्ष, इयत्ता यांचे फोल्डर करा आणि फाइलला छोटं नाव ठेवा. नावं विंडोजवरच बदलून मग कॉपी करा. डिस्क सर्व्हरला जोडून आरसिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमचा ‘ड्राय रन’ (प्रत्यक्ष कॉपी न करता नुसती चाचणी) चालवलात तर काय राहिलं त्याची यादी मिळेल. ती रिकामी आल्याशिवाय जुनी डिस्क पुसू नका.

गोकाक: नव्या लॅपटॉपवर सर्व्हर उघडत नाही, जुन्यावर बिनापासवर्ड उघडतो.

विंडोज 11 प्रोच्या 24एच2 आवृत्तीपासून पाहुणा म्हणून, म्हणजे बिनापासवर्ड, आत जाणं मुळातच बंद ठेवलेलं आहे, आणि ते योग्यच आहे. सर्व्हरवर नाव-पासवर्डाचं खातं काढा. लॅपटॉपवरची सुरक्षा सैल करू नका.

जांबोटी: पावसात दिवसातून कितीदा वीज जाते सांगता येत नाही. घरी इन्व्हर्टर आहे. तेवढं पुरे ना?

इन्व्हर्टर वीज देतो, पण बॅटरी संपत आल्याचं सर्व्हरला कळवत नाही, आणि लिहिता लिहिता वीज गेली की फाइल सिस्टीमला इजा होऊ शकते. यूएसबी केबलनं जोडता येणारा छोटा यूपीएस घ्या आणि त्याची खबर सर्व्हरला देणारा ‘नट’ हा प्लगइन बसवा. बॅटरी उतरली की सर्व्हर स्वतःहून नीट बंद होईल. घेण्याआधी तो यूपीएस नटच्या यादीत आहे का बघा, आणि बसवल्यावर दिवसाउजेडी भिंतीवरचं बटण बंद करून खरंच बंद होतो का ते समोर उभं राहून तपासा. विजा कडाडत असतील तेव्हा राउटरकडून येणारी लॅनची केबलही काढून ठेवा.