आईवडील पहिल्यांदा अमेरिकेला निघाले असतील तर आधी सांगून ठेवावे असे काही

आपला प्रश्न असा आहे की सत्तरी ओलांडलेले आपले आईवडील पहिल्यांदाच अमेरिकेला, न्यू जर्सीत आपल्या बहिणीकडे, सहा महिन्यांसाठी जात आहेत आणि तिथल्या रोजच्या कोणत्या चालीरीती त्यांना विचित्र वाटतील हे आपल्याला आधीच त्यांच्या कानावर घालायचे आहे. मी एकवीस वर्षे त्याच राज्यात राहतो. माझे आईवडील, सासूसासरे आणि ओळखीपाळखीतले कितीतरी काका-काकू यांचे इथले पहिले आठवडे मी जवळून पाहिले आहेत. 'अमेरिकेतल्या गमती' अशा थाटाच्या याद्या त्यांना वाचून दाखवण्याचा मला तरी फारसा उपयोग झालेला नाही, कारण गंमत दोन दिवसांत ओसरते आणि तिसऱ्या दिवशी वडील विचारतात, 'पण हे असे का?' त्या 'का'चे उत्तर मला बहुतेक वेळा एकाच ठिकाणी सापडले आहे: इथे जे लिहिलेले दिसते किंवा कानावर पडते ते अर्धेच असते, उरलेले अर्धे आपण मनात भरून घ्यायचे असते.

सुरुवात किमतीपासून करावी, कारण पहिला खटका तिथेच उडतो. माझ्या वडिलांनी पहिल्याच आठवड्यात ९.९९ डॉलरचे एक टॉर्च उचलले, दहाची नोट पुढे केली आणि गल्ल्यावरच्या मुलीने १०.६५ मागितल्यावर ती आपल्याला फसवते आहे अशी त्यांची खात्रीच पटली. आपल्याकडे पाकिटावर 'सर्व करांसहित' कमाल किंमत छापणे कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे छापील आकड्यापेक्षा जास्त मागणारा दुकानदार हा लबाडच, असे आपले मन घडलेले असते. अमेरिकेत विक्रीकर केंद्राचा नाही. १९३० च्या दशकातल्या महामंदीत तिजोऱ्या रिकाम्या पडल्या तेव्हा एकेका राज्याने तो आपापला सुरू केला. आज ४५ राज्यांत तो आहे, पाच राज्यांत नाही, आणि अनेक ठिकाणी राज्याच्या दरावर जिल्ह्याचा आणि शहराचा दर चढतो. म्हणून शेल्फवर मूळ किंमत आणि कर गल्ल्यावर, ही पद्धत टिकली. न्यू जर्सीत हा दर ६.६२५ टक्के आहे. कपड्यांवर आणि स्वयंपाकाच्या बहुतेक सामानावर तो लागत नाही, शेजारच्या डेलावेअरमध्ये तर तो मुळी नाहीच. गोळ्या-चॉकलेटांवर लागतो, पण त्या वडीत मैदा असेल तर ती कायद्याच्या व्याख्येने 'कँडी' ठरत नाही आणि कर माफ होतो. हे कळल्यापासून माझे वडील चॉकलेटच्या वेष्टनावरचे घटक भिंग घेऊन वाचू लागले, ते परत जाईपर्यंत.

दुसरा खटका टिपेचा, आणि तो अधिक खोल आहे. साठ डॉलरच्या जेवणावर बारा डॉलर वर ठेवायचे म्हटल्यावर कुठलेही मराठी वडील मनातल्या मनात रुपये करतात आणि हजाराच्या आसपासचा आकडा पाहून गप्प होतात. आपल्याकडे टीप ही बक्षिसी असते, बडीशेपेच्या बशीत ठेवलेली सुटी नाणी असतात. इथे ती पगाराचा भाग आहे, आणि हे नुसते म्हणण्यापुरते नाही. केंद्रीय कायद्याने किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे, पण टीप मिळणाऱ्या नोकराला मालकाने रोख फक्त २.१३ डॉलर दिले तरी चालतात, आणि हा २.१३ चा आकडा १९९१ पासून हललेला नाही. उरलेली रक्कम गिऱ्हाइकाच्या टिपेतून भरून निघते असे धरले जाते, न निघाल्यास मालकाने भरायची असते. काही राज्यांनी ही सवलतच ठेवलेली नाही, आणि न्यू जर्सीत दोन्ही आकडे केंद्रापेक्षा बरेच वर आहेत. तरीही पद्धत तीच: वेटरच्या पगाराचा एक हिस्सा आपल्या टेबलावर मांडून ठेवलेला असतो.

हे असे का झाले याचा इतिहास फारसा अभिमानाचा नाही. यादवी युद्धानंतर गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय माणसांना रेल्वेच्या शयनयानांत हमाल-सेवक म्हणून ठेवणारी पुलमन कंपनी त्यांना तुटपुंजा पगार देई आणि बाकीचे प्रवाशांच्या टिपेवर सोडून देई. ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली १९२५ साली या सेवकांची संघटना उभी राहिली, आणि कंपनीशी पगाराचा करार व्हायला १९३७ साल उजाडले. हॉटेलांत मात्र ती रीत राहिली, आणि १९६६ साली टीप पगारात धरण्याला कायद्यानेच मान्यता दिली. माझ्या सासऱ्यांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, 'म्हणजे हे बलुते झाले, फक्त गावाऐवजी गिऱ्हाइकाने द्यायचे.' उपमा शंभर टक्के बसत नाही, पण त्या दिवसानंतर त्यांनी टिपेबद्दल कुरकुर केली नाही.

व्यवहारापुरते एवढे सांगावे की टेबलावर बसून जेवल्यास पंधरा ते वीस टक्के ठेवावेत. न्यू जर्सीत सोपा हिशोब म्हणजे बिलावर कराचा जो आकडा असेल त्याची तिप्पट करावी, ती जवळजवळ वीस टक्केच भरते. मोठ्या घोळक्यासाठी काही हॉटेले टीप बिलातच लावतात, ते नीट पाहावे, नाहीतर दोनदा दिली जाते. भारतीय दुकानांनी भरलेल्या इथल्या ओक ट्री रोडवरच्या आपल्या डोसा-चाटच्या हॉटेलांतही हाच नियम आहे, तिथे 'आपलीच माणसे' म्हणून सुटका नाही. मात्र कॉफी हातात देताना जो पडदा आपल्याकडे फिरवला जातो आणि ज्यावर १८, २०, २५ असे चौकोन असतात, तिथे 'टीप नाही' हा चौकोन दाबण्यात कसलाही कमीपणा नाही. माझे हे मत सगळ्यांना पटणार नाही, मला कल्पना आहे.

तिसरी गोष्ट विचारपुशीची. गल्ल्यावरची मुलगी, लिफ्टमधला अनोळखी माणूस, सकाळी कुत्रे फिरवणारी शेजारीण, सगळे 'हाऊ आर यू' म्हणतात आणि उत्तराची वाट न पाहता पुढे निघतात. आई गुडघ्याचे दुखणे सांगायला तोंड उघडते तोवर समोरचा दहा पावले पुढे गेलेला असतो, आणि मग 'ही माणसे वरवरची आहेत' असा निकाल लागतो. हा निकाल मला अन्यायाचा वाटतो. आपल्या जिन्यात हातात पिशवी घेतलेल्या माणसाला आपण 'काय, बाजारात का?' असे विचारतो तेव्हा आपल्याला कोणत्या भाज्या आणणार हे ऐकायचे असते काय? 'जेवण झालं का?' हेही तसेच. समोरचा माणूस दिसला, त्याची दखल घेतली, एवढाच त्या शब्दांचा अर्थ. 'गुड, हाऊ आर यू' असे हसून म्हणावे आणि चालू लागावे. आपल्या वडिलांना ही तुलना सांगा, पहिल्या दिवसापासून त्यांचा संकोच जाईल आणि सकाळच्या फिरण्याला निम्मी कॉलनी त्यांना ओळखू लागेल. याच फिरण्याबाबत आईंना एक सांगून ठेवा: बाबागाडीतले मूल कितीही गोंडस असले तरी गाल ओढू नये, उचलून घेऊ नये आणि न विचारता फोटो काढू नये. लांबून कौतुक केले तर आया खूश होतात, हात लावला की चेहरे बदलतात.

आमंत्रणाला सुरुवात असते तसा शेवटही असतो, हे आपल्या लोकांच्या पचनी पडायला वेळ लागतो. नातवाच्या वर्गमित्राचा वाढदिवस दोन ते चार असा लिहिलेला असेल तर चार वाजता निघायचे असते. यजमान दारात उभे राहून आभार मानू लागले म्हणजे ते आपल्याला हाकलत आहेत असे समजू नये. न कळवता कोणाकडे जाण्याची रीत जवळजवळ नाही. भेटवस्तूंचे तर आपल्या आहेराच्या कल्पनेला धक्का देणारे प्रकरण आहे. आपल्या पत्रिकेत 'कृपया आहेर आणू नये' असे छापतात आणि तरीही पाकीट घेऊन जायचेच असते, इथे नवरा-नवरी आपल्याला काय काय हवे त्याची यादी दुकानात नोंदवून ठेवतात आणि पाहुण्यांनी त्यातले एकेक खरेदी करायचे असते. १९२४ साली शिकागोच्या मार्शल फील्ड्स या दुकानाने ही यादीची सोय सुरू केली. आईला ते निर्लज्जपणाचे वाटले होते, पण आमच्या लग्नात आलेल्या नऊ भिंतीवरच्या घड्याळांची आठवण करून दिल्यावर ती विचारात पडली. वस्तूबरोबर किंमत न छापलेली पावतीही देतात, म्हणजे आवडली नाही तर घेणाऱ्याने दुकानात जाऊन बदलून आणावी. यात अपमान नाही. देणाराच ती पावती खोक्यात घालतो.

हॉटेलात बसताच न मागता येणारा, काठोकाठ बर्फ भरलेला पाण्याचा पेला हा आमच्या घरात वादाचा मोठा विषय होता, विशेषतः जानेवारीत. बर्फाचे हे वेड जुने आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या गोठलेल्या तळ्यांचा बर्फ कापून फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने तो जगभर विकला. १८३३ साली त्याच्या जहाजाने बॉस्टनहून कलकत्त्याला सुमारे १८० टन बर्फ नेला, त्यातला १०० टनांच्या आसपास न वितळता पोचला, आणि पुढे मुंबईतही अमेरिकी बर्फ साठवायला बर्फघर उभे राहिले. म्हणजे आपल्या पूर्वजांनी तो बर्फ हौसेने विकत घेतलेला आहे. आज मात्र 'नो आइस' एवढे दोन शब्द आईवडिलांना पाठ करून द्यावेत. कोमट पाणी मागितले तर तेही मिळते, फक्त वेटर एकदा पुन्हा विचारून खात्री करून घेतो.

कपडे वाळत घालण्याचे दुःख मला सर्वांत खरे वाटते. स्वच्छ ऊन पडलेले असते, गॅलरी असते आणि तरी कपडे यंत्रात घालून विजेवर किंवा गॅसवर वाळवायचे, हे आईला शेवटपर्यंत पटले नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही पटत नाही. अनेक गृहसंकुलांच्या नियमांत दोरीवर कपडे दिसू देण्यास मनाई असते. कारण दिले जाते ते सौंदर्याचे आणि घरांच्या किमतीचे. काही राज्यांनी अशा मनाईला आळा घालणारे कायदे केले आहेत, तरी बहिणीच्या संकुलाचा नियम आधी विचारून घ्यावा. आमच्या व्यवस्थापनाने आईच्या दोन साड्यांबद्दल दारावर चिठ्ठी लावली होती. आम्ही एक घडीचा स्टँड आणून तो खिडकीच्या आत उन्हात ठेवला आणि तंटा मिटला.

रस्त्यावरच्या दोन गोष्टींत मात्र हसण्यासारखे काही नाही. पोलिसांनी गाडी बाजूला घ्यायला लावली तर आपल्याकडे आपण उतरून, पुढे जाऊन 'साहेब, काय झालं' विचारतो, तो आपला नम्रपणा असतो. इथे उतरणे हेच धोक्याचे लक्षण मानले जाते. सगळ्यांनी जागेवर बसून राहायचे, हात दिसतील असे ठेवायचे आणि कागद काढण्याआधी सांगायचे. मागे बसलेल्या वडिलांनी मध्यस्थी करण्यासाठी दार उघडू नये, हे त्यांना निघण्यापूर्वीच बजावून ठेवा. दुसरे, पिवळी शाळेची बस लाल दिवे लुकलुकवत थांबली की मागची तर थांबतेच, दुभाजक नसेल तर समोरून येणारी वाहतूकही थांबते. बसचा तो विशिष्ट पिवळा रंग १९३९ साली न्यू यॉर्कमधल्या कोलंबिया विद्यापीठात झालेल्या परिषदेत ठरला. सारा रस्ता एका पहिलीतल्या पोरासाठी गोठलेला पाहून माझे वडील रोज दुपारी तीनला कोपऱ्यावर जाऊन उभे राहत.

बाकीचे थोडक्यात. तारखेत महिना आधी लिहितात, त्यामुळे ४/७ हा सात एप्रिल असेल की चार जुलै हे औषधाच्या बाटलीवर दोनदा पाहावे. तळमजल्याला पहिला मजला म्हणतात. दिव्याचे बटण वर केले की दिवा लागतो. हवामान फॅरनहाइटमध्ये सांगतात, पण ताप आपणही त्याच मापाने मोजतो, तेव्हा त्याची थट्टा करण्याचा आपल्याला फारसा अधिकार नाही. टीव्हीवर डॉक्टरांनीच लिहून द्यायच्या औषधांच्या जाहिराती लागतात. अशी मोकळीक अमेरिकेखेरीज न्यूझीलंडमध्येच आहे. दुष्परिणामांची लांबलचक यादी ऐकून आई घाबरल्या तर ती वाचून दाखवणे नियमाने भाग आहे एवढे सांगावे. सार्वजनिक स्वच्छतागृहाच्या दारांना खाली आणि कडेला फटी असतात, आणि पाणी नसते. लहान बाटली जवळ ठेवावी. घरासमोरच्या टपालपेटीत शेजाऱ्यासाठी लाडवांचा डबा ठेवू नये, कारण त्या पेटीत टपालाशिवाय काही ठेवणे कायद्याने मना आहे. डबा दारात नेऊन द्यावा.

एका बाबतीत आपल्या वडिलांना न्यू जर्सी लगेच आपलेसे वाटेल. मे २०२२ पासून तिथे दुकानांत प्लॅस्टिकच्या पातळ पिशव्यांवर बंदी आहे आणि मोठ्या किराणा दुकानांत कागदी पिशवीही मिळत नाही. गल्ल्यावर पोचल्यावर पिशवी विसरल्याचे आठवून सामान उघडेच गाडीपर्यंत नेणारे तरुण मी रोज पाहतो. घरच्या दोन-तीन कापडी पिशव्या, शक्य तर लांब बंदांच्या, त्यांच्या बॅगेत आठवणीने टाका.