व्हेल शार्क पाहायचा, तर बेट कोणते निवडावे?

प्रश्न : येत्या फेब्रुवारीत मी, माझे पती (वय ५६, रक्तदाबाच्या गोळ्या चालू) आणि १४ वर्षांची मुलगी असे तिघे मालदीवला जाण्याचे ठरवत आहोत. तारकर्लीला आम्ही एकदा स्कूबा केले आहे. मला आणि मुलीला चांगले पोहता येते, पतींना जेमतेम. मुलीला व्हेल शार्क पाहायचाच आहे. मात्र प्रत्येक रिसॉर्टच्या जाहिरातीत या माशाचे छायाचित्र असते आणि प्रत्येक जण आपले डाइव्ह सेंटर उत्तम असल्याचे सांगतो. निवड कशावरून करावी?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : डाइव्ह सेंटर किती चांगले, हा तुमच्यासाठी दुय्यम प्रश्न आहे. नावात व्हेल असले तरी हा मासाच, आपल्या मुशीच्या कुळातला; आणि मालदीवमध्ये तो बहुधा बाहेरच्या प्रवाळकड्याच्या काठाने, पृष्ठभागापासून काही मीटरांवरच, संथपणे फिरताना दिसतो. म्हणजे त्याला पाहण्यासाठी पाठीवर सिलिंडर लागत नाही. मास्क, स्नॉर्केल (तोंडात धरायची श्वासनळी) आणि फिन्स (पायातली वल्ही) पुरतात. शिवाय तारकर्लीच्या एका डाइव्हने तुम्हाला प्रमाणपत्र मिळालेले नसणार, त्यामुळे तिकडेही तुम्हाला प्रशिक्षकाचा हात धरून ठरावीक उथळ जागीच उतरवतील, आणि त्या जागी हा पाहुणा येण्याची शक्यता कमीच.

तेव्हा खरा प्रश्न बेटाच्या जागेचा आहे. मालदीवमधला अरी हा प्रवाळबेटांचा समूह (ॲटॉल) उत्तर-दक्षिण सुमारे ९० किलोमीटर पसरलेला आहे आणि व्हेल शार्क वर्षभर दिसतो तो त्याच्या दक्षिण टोकाला, धिगुरा ते मामिगिली या बेटांच्या बाहेरच्या काठाला. हा पट्टा २००९ साली सागरी संरक्षित क्षेत्र म्हणून घोषित झाला. जाहिरातीत नुसते ‘अरी ॲटॉल’ लिहिलेले रिसॉर्ट उत्तरेला असू शकते आणि तेथून या पट्ट्यापर्यंत जाऊन येण्यातच दिवस सरतो. पत्त्यात ‘अलिफ अलिफ’ असेल तर ते उत्तर अरी आणि ‘अलिफ धालू’ असेल तर दक्षिण अरी, एवढे पाहिले तरी निम्मी यादी गळते. उरलेल्यांना एकच प्रश्न लेखी विचारावा : तुमच्या जेटीपासून मामिगिलीच्या बाहेरच्या काठापर्यंत बोटीला किती मिनिटे लागतात? धिधूफिनोल्हू आणि नलागुराइधू ही रिसॉर्टची बेटे या पट्ट्याला अगदी लागून आहेत.

खर्च आटोक्यात ठेवायचा असेल, तर मी रिसॉर्टपेक्षा धिगुरा गावातले अतिथिगृह सुचवीन. माले विमानतळावरून स्पीडबोटीने साधारण दोन तासांत तेथे पोहोचता येते. ते वस्तीचे बेट असल्याने तेथे मद्य मिळत नाही आणि पोहण्याचे तोकडे कपडे ठरवून दिलेल्या किनाऱ्यावरच चालतात. तुमच्या कुटुंबाला याची अडचण वाटेल असे दिसत नाही. रिसॉर्टच घ्यायचे ठरले आणि प्रवास सीप्लेनने असेल, तर ती विमाने फक्त दिवसाउजेडी उडतात, हे ध्यानात घेऊन मुंबईहून सकाळी पोहोचणारे विमान पाहावे; नाहीतर एक रात्र मालेजवळच काढावी लागते.

प्रत्यक्ष फेरी कशी असते, हे मुलीला आधी सांगून ठेवावे. धोणी (तिकडची बोट; आपल्या डोणीशी नाते सांगणारा शब्द) काठाकाठाने सावकाश चालते, टपावर उभा राहिलेला माणूस निळ्या पाण्यातली काळपट सावली शोधतो, कधी दोन-दोन तास काहीच घडत नाही आणि मग एकदम आरोळी उठते. त्या क्षणी फिन्स पायात हव्यात, पिशवीत नव्हे. येथे दिसणारे मासे बहुतेक वयात न आलेले नर, साधारण पाच-सहा मीटरांचे असतात. पाठीवर पांढऱ्या ठिपक्यांची जाळी असते आणि कल्ल्यांमागच्या ठिपक्यांच्या रचनेवरून संशोधक एकेक मासा ओळखतात. पुष्कळांच्या अंगावर बोटींच्या पंख्यांचे व्रण दिसतात. म्हणून बोट कशी चालवतात, पाण्यात गाईड सोबत उतरतो का आणि एका फेरीत किती जणांना नेतात, हे विचारणे अगोचरपणाचे नाही. शरीरापासून तीन आणि शेपटीपासून चार मीटर अंतर राखावे, हात लावू नये, फ्लॅश वापरू नये, हे नियम जो गाईड निघण्यापूर्वीच सांगतो, त्याच्यावर विश्वास ठेवावा.

‘शंभर टक्के दिसणारच’ अशी हमी कोणी देत असेल, तर मात्र सावध व्हावे. फिलिपाइन्समध्ये ओस्लोब येथे तशी खात्री मिळते, कारण तेथे रोज सकाळी होडीतून बारीक कोळंबी चारून या माशांना किनाऱ्याशी थोपवून धरतात. वन्य प्राण्याला असे दारात उभे करणे मला पटत नाही. त्याच देशात दोन्सोल येथे चारा न घालता, फक्त स्नॉर्केलवर हा मासा दाखवतात. पण तुमच्यासाठी मालदीवच सोयीचे आहे. हमी नसल्यामुळे मुक्काम किमान पाच दिवसांचा ठेवावा आणि पहिली फेरी दुसऱ्याच दिवशी करावी, म्हणजे ती फुकट गेली तरी आणखी एकीला जागा उरते. फेब्रुवारीत समुद्र बहुधा शांत असतो, ही निवड तुम्ही उत्तम केली आहे.

पतींनी लाइफ जॅकेट घालून जरूर उतरावे, परंतु संथ दिसणारा हा मासा पोहणाऱ्याला सहज मागे टाकतो, आणि तेथे पायाखाली तळ दिसत नाही; बोटीच्या टपावरूनही त्याची पाठ छान दिसते. त्यांना उथळ पाण्यात स्कूबा करायचेच असेल, तर डॉक्टरांचे लेखी पत्र येथूनच न्यावे, आणि शेवटच्या डाइव्हनंतर १८ तास विमानात बसू नये. सीप्लेन हेही विमानच. निघण्याआधी महिनाभर तिघांनी जवळच्या जलतरण तलावात मास्क आणि फिन्स घालून पोहण्याचा सराव करावा, आणि मास्क प्रत्येकाने स्वतःच्या चेहऱ्याला बसतो की नाही हे पाहून येथेच विकत घ्यावा.