रँक टिकवायला स्वतःच माल उचलताय? परवाची मुदत चुकू द्या

तुम्ही लिहिलंय की तुमच्या नेटवर्क मार्केटिंगच्या कंपनीत (माल विकायचा, माणसं जोडायची, त्यांच्या खरेदीवरही कमिशन) रँक, म्हणजे तिथली पायरी, टिकवायला या महिन्यात मालावर मिळणारे थोडे पॉइंट्स कमी पडताहेत, अपलाइन, म्हणजे तुमच्या वरची व्यक्ती, म्हणतात "उरलेला माल स्वतःच्या आयडीवर उचला, पुढच्या महिन्यात टीम उभी राहिली की वसूल होईल", आणि मुदत परवा संपते. वाचलं आणि राहवलं नाही. अगदी हेच वाक्य मी सलग चौदा महिने ऐकलंय आणि चौदाही वेळा मानलंय.

आधी सांगते, मी वकील नाही, हिशेबातली तज्ज्ञही नाही. अशाच एका कंपनीत पावणेतीन वर्षं काम केलं, त्या अनुभवावर बोलतेय. तुमच्या कंपनीचे नियम वेगळे असू शकतात, करार स्वतः वाचा. पण माझं मत विचाराल तर परवाची मुदत चुकू द्या आणि रँक जाऊ द्या.

माझी सगळ्यात महाग पडलेली चूक म्हणजे ही महिनाअखेरची खरेदी. मी वही ठेवत होते, पण त्यात फक्त आलेलं कमिशन लिहायचे. स्वतः उचललेल्या मालाला मीटिंगमध्ये "गुंतवणूक" म्हणायचे, म्हणून तो खर्चात धरलाच नाही. पुढे एकदा बँकेचं पासबुक समोर ठेवून दोन्ही रकमा शेजारी शेजारी लिहिल्या. चौदापैकी अकरा महिन्यांत खात्यात आलेल्या कमिशनपेक्षा माझी खरेदीच जास्त होती. शिवाय त्या कमिशनचाही एक भाग माझ्याच खरेदीवर मिळालेला होता. म्हणजे माझेच पैसे कमी होऊन माझ्याकडे परत येत होते आणि मी घरात सांगत होते की कमावतेय.

कपाटात माल साचल्यावर परत करायचं ठरवलं. करारात तशी सोय होती, ठराविक दिवसांच्या आत, सील न तोडलेला माल. अर्धी खोकी तिथेच बाद झाली, कारण "उघडून मांडा, फोटो टाका, लोकांना दिसू दे" असं मला शिकवलं होतं आणि मी ते मन लावून केलं होतं. उरलेल्या मालासाठी मुदतीच्या आतच अर्ज केला. कंपनीच्या परतीचं काम बघणाऱ्या विभागाने आधी मूळ बिलं मागितली. ती दिली. मग प्रत्येक खोक्याचा बॅच नंबर. तोही दिला. मग म्हणाले, अपलाइनची संमती आणा.

इथे नीट लक्ष द्या. माझा माल परत गेला असता तर त्यावर अपलाइनला मिळालेलं कमिशनही कापलं जाणार होतं. म्हणजे ज्या व्यक्तीचं नुकसान होणार, तिचीच सही मला आणायची होती. ती फोन उचलेना. उचलला की "एवढ्यात हार मानू नका" म्हणायची. सही आली तेव्हा मला कळवण्यात आलं की कागदपत्रं पूर्ण झाली त्या दिवशी मुदत संपलेली होती. अर्ज कधी आला याला काहीही किंमत नव्हती. ही संमतीची अट करारात कुठेच नाही, हे मला नंतर कळलं. त्या वेळी करार उघडून "ही अट कोणत्या कलमात आहे ते लेखी सांगा" एवढं एक वाक्य पाठवलं असतं तर बराच पैसा वाचला असता. याचा राग अजून गेलेला नाही.

आता हा धंदाच मुळात गैर आहे का, या वादाबद्दल. घरोघरी जाऊन किंवा ओळखीत वस्तू विकणं यात मला काहीच गैर वाटत नाही. ओळखीतून प्रामाणिकपणे विकून घर चालवणाऱ्या बायका मी पाहिल्यात. प्रश्न एवढाच आहे की माल शेवटी कोण विकत घेतं. योजनेशी काही संबंध नसलेला ग्राहक, की कमिशनच्या आशेने आत आलेला माणूस? अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणारा तिथला सरकारी आयोग) 1979 मध्ये अशाच अॅमवे कंपनीला पिरॅमिड, म्हणजे विक्रीऐवजी माणसं जोडण्यावरच चालणारी बेकायदा योजना, ठरवलं नाही, तेव्हा तिच्या तीन नियमांना महत्त्व दिलं होतं: घेतलेल्या मालापैकी किमान 70 टक्के विकलेला असणं, महिन्याला किमान दहा ग्राहकांना विक्री, आणि न विकलेला माल परत घेणं. मीटिंगमध्ये हा निकाल अभिमानाने सांगतात, हे नियम मात्र सांगत नाहीत. त्याच निकालात कमाईचे फुगवलेले दावे करू नका असंही बजावलं होतं. 2016 मध्ये हर्बालाइफ या अशाच दुसऱ्या कंपनीने त्याच आयोगाशी 20 कोटी डॉलर्सची तडजोड केली, त्यातही अट हीच होती की वितरकांच्या मोबदल्याचा किमान दोन तृतीयांश भाग पडताळता येईल अशा किरकोळ विक्रीवर आधारलेला हवा.

आणि कमाई? आयोगाच्या कर्मचाऱ्यांनी 2024 मध्ये अशा 70 कंपन्यांची स्वतःची उत्पन्नाची पत्रकं तपासली. बहुतेक सहभागी लोकांना वर्षाला 1,000 डॉलर्स किंवा त्याहून कमी मिळाले होते, आणि बहुतेक पत्रकांत लोकांचा स्वतःचा खर्च वजाच केलेला नव्हता. माझ्या वहीसारखंच.

"प्रत्येकाने फक्त सहा जण जोडा" हे गणितही एकदा कागदावर करा. सहाचे सहा करत गेलात तर तेराव्या पायरीवर 13 अब्जांहून जास्त माणसं लागतात. पृथ्वीवर तेवढी नाहीत. तुमच्या खालच्यांना माणसं मिळत नाहीत ती काही त्यांच्या मेहनतीत कसूर आहे म्हणून नाही. मी माझ्या डाउनलाइनमधल्या, म्हणजे माझ्या खाली जोडलेल्या, दोघींना हाच दोष दिला होता. त्यातली एक अजून माझ्याशी बोलत नाही, आणि तिचं बरोबर आहे. "नकारात्मक लोकांपासून दूर राहा" असं शिकवतात ना, तर त्यात सगळ्यात आधी तुमच्या खर्चाची काळजी करणारी माणसं दूर जातात. माझा भाऊ असाच वर्षभर दूर राहिला.

अजून एक, थोडं विषयाबाहेरचं. तुमचा पासवर्ड अपलाइनकडे असेल तर आत्ताच बदला. "मी तुमच्यासाठी ऑर्डर टाकून देते" म्हणत महिनाअखेरीला माझ्या आयडीवरून दोनदा माल बुक झाला होता आणि ओटीपी मीच वाचून दाखवला होता. या धंद्यासाठी वेगळं बँक खाते ठेवा, म्हणजे घरखर्चात काही लपत नाही. आणि वहिनींना जोडायचं म्हणताय, ते निदान आपला हिशेब होईपर्यंत थांबवा. पैसे गेलेले सोसता येतात. घरातल्या माणसाला आपण बुडवलं हे फार जड जातं.

चार जण इथे वेगळं सांगतील, काहींना खरंच पैसे मिळालेही असतील. त्यांना एकच विचारा, योजनेबाहेरच्या किती ग्राहकांनी गेल्या महिन्यात पुन्हा माल मागितला?

आज रात्री एवढं करा. सगळी बिलं तारखेप्रमाणे लावा, सील असलेली खोकी बाजूला काढा, एकही नवीन उघडू नका. करारातलं परतीचं कलम शोधा, दिवस कुठल्या तारखेपासून मोजतात ते बघा. अर्ज ईमेलनेच करा, फोनवर काही बोललात तर लगेच तेच लिहून पाठवा. सगळ्यात जुनं बिल कोणत्या तारखेचं निघतं आणि कलमात नेमके काय शब्द आहेत ते इथे लिहा. पत्राचा मसुदा मी करून देते.